फार्नबरो, ६ सप्टेंबर १९५२ : डीएच ११० विमानाच्या तुटलेल्या पंखाचे प्रकरण

शनिवार, ६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधील फार्नबरो येथे भरलेल्या हवाई प्रदर्शनात डी हॅविलंड कंपनीचे डीएच ११० हे प्रायोगिक लढाऊ जेट विमान सुमारे एक लाख वीस हजार प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत हवेतच मोडले. वैमानिक जॉन डेरी आणि त्यांचे सहकारी, उड्डाण-चाचणी निरीक्षक टोनी रिचर्ड्स हे दोघे ठार झाले. जमिनीवरचे २९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले आणि साठच्या आसपास माणसे जखमी झाली. अखंड विमानाचे तुकडे व्हायला एक सेकंदसुद्धा लागला नाही.

या अपघाताचा अभ्यास करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात, आणि बहुतेक वर्णनांत ते एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. पंख का तुटला, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पंखाच्या पुढच्या कडेच्या रचनेत सापडते. पंख तुटल्यावर २९ माणसांचा जीव का गेला, हा दुसरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विमानात सापडत नाही. तेच विमान, त्याच वेगाने, त्याच पद्धतीने एखाद्या ओसाड माळावर मोडले असते, तर दोघेच दगावले असते. ते दोघेही धोका पत्करणे हाच ज्यांचा पेशा होता असे होते. मैदानावरचे प्रेक्षक मात्र सुट्टीच्या दिवशी विमाने पाहायला आलेले होते.

विमान आणि त्याचे पूर्वज

दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटनच्या नौदलाला आणि हवाई दलाला, रात्री आणि कोणत्याही हवामानात शत्रूचे विमान शोधून पाडू शकेल असे रडारयुक्त जेट विमान हवे होते. डीएच ११० चा आराखडा त्या गरजेतून आला. दोन रोल्स-रॉईस एव्हन इंजिने, मागे झुकलेले पंख, आणि पंखांपासून मागे निघून शेपटीला जोडणारे दोन लांब दांडे, असे त्याचे रूप होते. वैमानिकाची काच मध्यभागी नसून डावीकडे सरकवलेली होती, आणि दुसरा माणूस उजवीकडे, धडाच्या आत खाली बसत असे, म्हणजे रडारचा पडदा त्याला अंधारात नीट दिसावा. दोन दांड्यांची ही ठेवण कंपनीने व्हॅम्पायर आणि व्हेनम या आधीच्या विमानांतून पुढे आणली होती. ती दोन्ही विमाने यशस्वी ठरली होती, त्यामुळे हॅटफील्डच्या कारखान्यातील अभियंत्यांना या बांधणीवर भरवसा वाटणे स्वाभाविक होते.

डब्ल्यूजी २३६ या क्रमांकाच्या पहिल्या नमुना-विमानाने २६ सप्टेंबर १९५१ रोजी पहिले उड्डाण केले, तेव्हा ते कंपनीचे चाचणी-वैमानिक जॉन कनिंगहॅम यांनी चालवले होते. काळ्या रंगाचे दुसरे नमुना-विमान, डब्ल्यूजी २४०, १९५२ च्या जुलैमध्ये हवेत गेले. त्याच महिन्यात हवाई दलाने प्रतिस्पर्धी ग्लॉस्टर जॅव्हेलिन विमानाची मागणी नोंदवली. सप्टेंबरच्या प्रदर्शनात डीएच ११० उतरले, तेव्हा ते अजून कोणत्याही सैन्यदलाच्या सेवेत नव्हते. ज्याच्या चाचण्या चालू आहेत असे ते विमान होते, आणि पुढचा सगळा विचार करताना ही गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये.

डी हॅविलंड कंपनीला ध्वनिवेगाजवळच्या उड्डाणाचे धोके ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. संस्थापकांचे पुत्र जेफ्री डी हॅविलंड हे २७ सप्टेंबर १९४६ रोजी, शेपटीविना बांधलेल्या डीएच १०८ या विमानाची चाचणी घेताना, टेम्स नदीच्या मुखाजवळ विमान हवेत तुटून ठार झाले होते. याच प्रकारच्या विमानातून जॉन डेरी यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये सूर मारत ध्वनिवेग ओलांडला, आणि तसे करणारे ते पहिले ब्रिटिश वैमानिक मानले जातात. एका बाजूच्या तीव्र वळणातून विमान पोटाखालून गरगरा फिरवून दुसऱ्या बाजूच्या वळणात नेण्याची एक कसरत आजही त्यांच्या नावाने, ‘डेरी टर्न’ म्हणून, ओळखली जाते. अपघाताच्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते. हे सर्व सांगण्याचा हेतू एवढाच की विमान चालवणारा माणूस नवखा नव्हता आणि विमान बांधणारी कंपनीही नवखी नव्हती.

त्या दुपारी काय घडले

प्रदर्शनासाठी आणलेले काळे विमान, डब्ल्यूजी २४०, त्या दिवशी बिघडले, आणि प्रात्यक्षिक रद्द होण्याची वेळ आली. डेरी आणि रिचर्ड्स हॅटफील्डला गेले, तेथून चंदेरी रंगाचे पहिले नमुना-विमान, डब्ल्यूजी २३६, घेऊन निघाले आणि पावणेचारच्या सुमारास त्यांनी प्रात्यक्षिक सुरू केले. सुमारे ४०,००० फुटांवरून, म्हणजे बारा किलोमीटरहून अधिक उंचीवरून, त्यांनी सूर मारला. त्या पिढीतील विमानांना आडव्या उड्डाणात ध्वनिवेग गाठता येत नसे, तो सूर मारूनच ओलांडावा लागे. जमिनीवरच्या लोकांनी आधी स्फोटासारखे आवाज ऐकले आणि मग विमान धावपट्टीवरून कमी उंचीवर वेगाने गेलेले पाहिले. त्यानंतर विमान डावीकडे वळत, मोठे वर्तुळ घेत, ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने पुन्हा प्रेक्षकांच्या दिशेने आले. वळणातून सरळ होत असतानाच डेरी यांनी नाक वर उचलून चढण घेतली, आणि त्या क्षणी दोन्ही पंखांचे बाहेरचे भाग, दोन्ही इंजिने आणि पुढचा भाग एकमेकांपासून सुटले.

बसण्याची जागा असलेला पुढचा भाग, दोघांसह, धावपट्टीजवळच्या प्रेक्षकांच्या समोर कोसळला आणि तेथे काही जण जखमी झाले. उरलेला सांगाडा वजन हरवलेल्या पत्र्यासारखा गिरक्या घेत मैदानाच्या दुसऱ्या बाजूला उतरला. इंजिने मात्र जड आणि आटोपशीर आकाराची, त्यामुळे हवेने त्यांना अडवले नाही. गोफणीतून सुटलेल्या धोंड्यासारखी ती विमानाच्या मूळ वेगानिशी पुढे गेली. एक मोकळ्या जागी पडले. सुमारे एक टन वजनाचे दुसरे इंजिन ‘ऑब्झर्वेशन हिल’ नावाच्या टेकडीवरील गर्दीत घुसले, आणि बहुतेक मृत्यू तेथे झाले.

धावपट्टीवरचे अवशेष हलवल्यावर कार्यक्रम पुढे सुरू झाला. हॉकर कंपनीचे चाचणी-वैमानिक नेव्हिल ड्यूक यांनी हॉकर हंटर विमान नेऊन त्याच आकाशात ध्वनिवेग ओलांडला, आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी त्यांना पत्र लिहून त्यांच्या धैर्याची वाखाणणी केली. ड्यूक यांच्या धैर्याबद्दल मलाही शंका नाही. मृतांना उचलून नेल्यानंतर काही वेळातच त्याच लोकांच्या डोक्यावर दुसरे प्रायोगिक विमान उडवण्याचा निर्णय मात्र आज वाचताना अस्वस्थ करतो, कारण पहिले विमान का मोडले हे तोवर कोणालाच कळलेले नव्हते.

पंखाची पुढची कड

विमानाच्या पंखात मुख्य भार पेलणारी आडवी तुळई असते. कारागीर तिला ‘स्पार’ म्हणतात. पंख वर उचलला जातो तेव्हा वाकवणारा ताण प्रामुख्याने ही स्पार घेते. पण पंखावर आणखी एक ताण येतो, तो पिळाचा. हवेचा दाब स्पारच्या नेमक्या रेषेवर येत नाही, तो तिच्या पुढे-मागे येतो, आणि पंखाच्या मागच्या कडेवरील ऐलरॉन नावाची झडप खाली-वर झाली की पंख स्वतःभोवती पिळला जाऊ लागतो. हा पीळ पेलण्याचे काम स्पारच्या पुढे वळवून बसवलेला पत्रा करतो. स्पार आणि हा वळवलेला पत्रा मिळून इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या छेदाची एक बंद नळी तयार होते.

बंद नळी पिळाला किती तोंड देते हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. जाड कागदाची सुरळी करून तिची कड पूर्ण लांबीभर चिकटवली आणि दोन्ही टोके उलट दिशांना पिळली, तर ती आश्चर्य वाटावे इतकी ताठ लागते. जोर वाढवत गेले की एका क्षणी सुरळीच्या अंगावर तिरकी सुरकुती उमटते आणि त्याच क्षणी सगळी ताकद निघून जाते. कागद फाटलेला नसतो. त्याने फक्त आपला आकार सोडलेला असतो, आणि त्याची ताकद त्या आकारातच होती. आता हीच सुरळी आधी किंचित वाकवून धरावी आणि मग पिळावी. सुरकुती आधीच्यापेक्षा बरीच लवकर पडते, कारण वाकवण्याने कागदाच्या एका बाजूवर आधीच दाब आलेला असतो. आतून ठिकठिकाणी पुठ्ठ्याच्या चकत्या चिकटवल्या, तर तीच सुरळी पुन्हा खूप जास्त पीळ सोसते.

डीएच ११० च्या पंखात जे घडले ते तत्त्वतः हेच होते. स्पारच्या पुढच्या भागाची रचना व्हॅम्पायर आणि व्हेनम यांच्यासाठी पुरेशी होती. व्हॅम्पायरचा पंख जवळजवळ सरळ होता आणि ते विमान ध्वनिवेगाच्या बऱ्याच अलीकडे उडत असे. डीएच ११० चा पंख मागे झुकलेला होता आणि वेगही कितीतरी अधिक होता. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. त्यातून झुकलेल्या पंखात वाकणे आणि पिळणे एकमेकांपासून सुटे राहत नाहीत, पंख वाकला की त्याच्याबरोबर त्याचा कोनही बदलतो. या वाढीव भाराला पुरेल इतका आतला आधार पुढच्या कडेच्या पत्र्याला नव्हता. वळणातून सरळ होताना ऐलरॉनमुळे पीळ आला, त्याच वेळी नाक उचलल्यामुळे पंखावर वाकवणारा भार चढला, आणि दोन्ही एकत्र येताच पत्र्याने आकार सोडला. पत्रा गेल्यावर बाहेरचा पंख टिकणे शक्यच नव्हते.

त्यापुढचा विध्वंस इतक्या झटपट का झाला, याचेही उत्तर पंखाच्या झुकावात आहे. पंख मागे झुकलेला असल्याने त्याची टोके विमानाच्या गुरुत्वमध्याच्या मागे असतात. ती टोके तुटून गेली की उरलेली उचल एकदम पुढे सरकते आणि नाक हिसका बसल्यासारखे वर फेकले जाते. ताशी ८३० किलोमीटर वेगाने जाणारे विमान असे अचानक हवेला आडवे गेले तर त्याच्या सांध्यांवर येणारा भार कोणत्याही लढाऊ विमानाच्या आवाक्यापलीकडचा असतो. इंजिने आपल्या बैठकींतून उपटली गेली, पुढचा भाग व शेपटी सुटली. वैमानिकाला काही करता येईल असा क्षण या साखळीत कुठेच नव्हता.

येथे एक तांत्रिक बाब नोंदवणे आवश्यक वाटते, कारण सामान्य वाचकाला ती सहसा कोणी सांगत नाही. विमान किती ‘जी’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट भार, सोसते याचा एकच आकडा नसतो. दोन्ही पंखांवर सारखा भार असताना जो भार सुरक्षित असतो, तो विमान त्याच वेळी कुशीवर फिरत असेल तर सुरक्षित राहत नाही, म्हणून फिरत असताना नाक उचलण्याची मर्यादा नेहमी कमी ठेवली जाते. डेरी यांनी केलेली हालचाल लढाऊ विमानासाठी मुळीच असाधारण नव्हती. शत्रूच्या मागे वळणारे विमान हेच करते, आणि जे विमान हे करू शकत नाही ते लढाऊ विमान म्हणून उपयोगाचे नाही. म्हणून या प्रकरणातला दोष कसरतीत शोधणे मला मुळातच चुकीचे वाटते.

ज्या शंका टिकत नाहीत

अपघातानंतर साहजिकच काही वेगळी कारणे पुढे आली, आणि त्यांतली काही आजही ऐकू येतात. ऐन वेळी विमान बदलले, घाई झाली, म्हणून अपघात झाला असे म्हणणे मनाला पटते, पण काळे आणि चंदेरी ही दोन्ही विमाने एकाच आराखड्याची होती. कमकुवतपणा आराखड्यात असल्याने तो दोन्हींत होता, आणि म्हणूनच अपघातानंतर दुसऱ्या विमानाचेही उड्डाण थांबवले गेले. काळे विमान बिघडले नसते तर डेरी त्यातून उडाले असते, एवढेच खात्रीने म्हणता येते. दुसरी शंका ध्वनिवेगाची. काही मिनिटांपूर्वीच सर्वांनी तो स्फोटासारखा आवाज ऐकला होता, तेव्हा ‘ध्वनीच्या भिंतीने’ विमान फोडले असे लोकांना वाटले तर नवल नाही. प्रत्यक्षात विमान मोडले तेव्हा ते ध्वनिवेगाच्या बरेच खाली होते.

कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ज्युरीने डेरी आणि रिचर्ड्स यांचा मृत्यू कर्तव्य बजावताना अपघाताने झाला आणि प्रेक्षकांचे मृत्यूही अपघाती होते असा निर्णय दिला. कोणावरही दोष ठेवला गेला नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच असेल. अभियांत्रिकीच्या दृष्टीने मात्र ‘अपघाती’ या शब्दाने काहीच कळत नाही. एखादी रचना जुन्या विमानावर हजारो तास टिकली, हा पुरावा त्या विमानाच्या वेगापुरता आणि भारापुरता असतो. नव्या विमानात ती उचलताना तो पुरावा बरोबर येत नाही, फक्त त्या पुराव्याने निर्माण झालेला विश्वास बरोबर येतो. हॅटफील्डच्या कारखान्यात निष्काळजी माणसे होती म्हणून हे घडले असे मानायला मी तयार नाही. उत्तम माणसांच्या हातूनही हे घडते, आणि जी गोष्ट आधीपासून ठीक चालली आहे तिची फेरतपासणी सर्वात शेवटी होते, म्हणूनच घडते.

टेकडीवरची माणसे

आता दुसरा प्रश्न. वळणात असलेले विमान तुटले तर त्याचे जड तुकडे वळत नाहीत. तुटण्याच्या क्षणी विमान ज्या दिशेला जात असेल त्या सरळ रेषेत, वर्तुळाच्या स्पर्शरेषेवरून, ते पुढे जातात. डीएच ११० गर्दीकडे तोंड करून वळणातून बाहेर येत होते, म्हणून त्या रेषेवर माणसे होती. ताशी ८३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २३० मीटर. वर पाहणाऱ्या माणसाला काय घडते आहे हे उमगून पाय उचलायलाही तेवढा अवधी पुरत नाही.

अपघातानंतर ब्रिटनमध्ये हवाई प्रात्यक्षिकांचे नियम कडक करण्यात आले. सरळ जाणाऱ्या जेट विमानाने गर्दीपासून किमान २३० मीटर, कसरती करणाऱ्या विमानाने किमान ४५० मीटर अंतर ठेवावे, आणि कोणत्याही वेळी १५० मीटरपेक्षा खाली येऊ नये, असे ठरले. दोन वेगळी अंतरे का, याचे कारण वरच्या स्पर्शरेषेच्या हिशेबात आहे. गर्दीला समांतर सरळ जाणारे विमान तुटले तर तुकडे गर्दीला समांतरच निघून जातात. वळणाऱ्या विमानाचे तुकडे कोणत्या क्षणी सुटतील त्यावर त्यांची दिशा ठरते, आणि त्यांतली एखादी दिशा गर्दीकडे असू शकते. हा नियम विमान तुटणार नाही असे गृहीत धरत नाही, तुटू शकते असे मानून तो आखलेला आहे. मला हा बदल पंखाच्या दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण पंखाची दुरुस्ती एका विमानापुरती होती.

ती दुरुस्तीही झाली. पुढच्या कडेला आतून आधार देऊन रचना मजबूत करण्यात आली, आराखड्यात इतरही बदल झाले, आणि १९५९ मध्ये हेच विमान ‘सी व्हिक्सन’ या नावाने ब्रिटिश नौदलाच्या सेवेत आले. विमानवाहू जहाजांवरून ते १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत उडत राहिले.

नियमांची कसोटी लागायला बराच काळ जावा लागला. त्यानंतर बासष्टहून अधिक वर्षे ब्रिटनमधील हवाई प्रात्यक्षिकात विमान पडून सामान्य नागरिकाचा मृत्यू झाला नाही. २२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरहॅम येथे एक जुने हॉकर हंटर, म्हणजे ड्यूक यांनी त्या दुपारी उडवलेल्या जातीचेच विमान, उभे वर्तुळ पूर्ण करताना पुरेशी उंची न मिळाल्याने जमिनीवर आदळले आणि ११ माणसे मेली. त्याचे कारण पंखाचे तुटणे नव्हते, आणि मेलेली माणसे प्रदर्शनाच्या आवारात नव्हती. १९५२ नंतरची अंतरे आवारातल्या गर्दीपासून मोजली जात होती, आणि हे विमान कुंपणाबाहेरच्या ए २७ या वाहत्या रस्त्यावर येऊन पडले होते.